फ्रिजवरचा तक्ता

आमच्या फ्रिजवर सध्या जो तक्ता लावलेला आहे, त्यात नऊ चौकोनांत एकच शब्द लिहिला आहे. ‘बंद’. येणारा-जाणारा तो वाचतो आणि विचारतो, “हरीभाऊ, काय बंद? फ्रिज का?” मी सांगतो, फ्रिज चालू आहे. बाकीचं सांगायला वेळ लागतो, म्हणून एकदाच लिहून काढतो.

सुरुवात जिज्ञासाच्या फोनने झाली. जिज्ञासा माझी मुलगी. तिला बदलापूर गावात दिलंय आणि आम्ही अंबरनाथला, पालेगावात. रिक्षाने अर्धा तास. पण अर्ध्या तासावरचं माहेरही माहेरच असतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, दर मे महिन्यात ती बॅग घेऊन यायची आणि मृग लागायच्या आधी परत जायची. मागच्या वर्षी आली नाही. मार्चमध्ये चांगुणा गेली, आणि त्या मे महिन्यात कोणालाच काही सुचत नव्हतं. चांगुणा माझी बायको. तिच्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही, कारण ही गोष्ट जेवणाची आहे.

तर फोन. “बाबा, यंदा मी राहायला नाही येत. सकाळी येत जाईन, संध्याकाळी परत. जवळच तर आहे.”

“का? खोली तुझी तशीच आहे.”

“खोलीचं नाही हो. जेवणाचं. रिद्धी सात वाजता कामावर जाते, अल्पेशच्या शिफ्टा. त्यात मी आणि उमा. कोण करणार सगळं? तुम्हाला त्रास.”

रिद्धी माझी सून, उल्हासनगरला एका लॅबमध्ये रक्त तपासते. अल्पेश माझा मुलगा, एमआयडीसीत केमिकल कंपनीत. उमा जिज्ञासाची मुलगी, नऊ वर्षांची. जिज्ञासाला बोलायचं होतं ते एवढंच, की आई नाही म्हणजे माहेर नाही. ते ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं. आणि एकदा मुलगी मे महिन्यात ‘सकाळी येऊन संध्याकाळी’ जायला लागली, की पुढच्या वर्षी ती दिवाळीलाही तशीच येते. मग फोन करते.

मी म्हणालो, “जेवणाचं नियोजन मी करतो. तू बॅग भर.”

मग ती म्हणाली, “आठ दिवस येते. बघू कसं जमतं ते.”

म्हणजे मला आठ दिवसांच्या प्रोबेशनवर ठेवलं होतं. पंपाच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली, शेवटची सहा सुपरवायझर म्हणून, त्या माणसाला.

मी लगेच कामाला लागलो. मोठा ड्रॉइंग पेपर आणला आणि तक्ता आखला. उभ्या रकान्यात वार, आडव्यात माणसं. कारण आमच्या घरात पाच माणसं पाच वेगवेगळ्या वेळी जेवतात. रिद्धीचा डबा पावणेसातला. अल्पेश फर्स्ट शिफ्टला असला तर साडेतीनला, सेकंडला असला तर बाराला, आणि नाइट असली तर सकाळी नऊला जेवून झोपतो. जिज्ञासा लॅपटॉपवर कंपनीचं काम करते, तिची जेवणाची सुट्टी मीटिंगवर. उमाला दिवसातून सात वेळा भूक लागते, जेवणाच्या वेळी सोडून. मी जेवतो साडेबाराला, कारण कारखान्याचा भोंगा साडेबाराला व्हायचा आणि माझं पोट अजून त्याच कारखान्यात आहे.

तक्ता चांगला झाला होता. हिरव्या पेनने भाजी, निळ्याने आमटी. तो बघायला पहिले आले शरदचंद्र. शरदचंद्र आमच्या मजल्यावर समोरच राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, सरकारी कचेरीतून निवृत्त, आता सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

“मसुदा ठीक आहे,” ते म्हणाले. “पण पर्यायी व्यवस्थेचा रकाना नाही. समजा गुरुवारी दुधी मिळाला नाही. मग? जबाबदारी कोणाची? आणि हे दोन प्रतींत करा.”

दुसऱ्या आल्या भागीरथी वहिनी, शेजारच्या. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “भाऊजी, यवरं लिवलंत, त्या टायमाला भात झाला असता.”

इथे एक सांगायला हवं. आमच्या बी विंगमध्ये जुन्या आळीतली दहा घरं आहेत. शेतं होती, कौलारू घरं होती, ती बिल्डरला गेली आणि त्या बदल्यात आम्हाला सगळ्यांना एकाच विंगमध्ये फ्लॅट मिळाले. त्यामुळे आळी आडवी होती ती उभी झाली, एवढाच फरक. बाकीच्या विंगांत बाहेरची माणसं. शरदचंद्र आमच्या विंगमध्ये कसे आले ते त्यांनाही माहीत नाही.

तक्त्यानंतर सामान. आमचा कुकर तीन लिटरचा. पाच माणसांना पाच वेळा गरम जेवण म्हणजे कुकर दिवसभर गॅसवर. मी हिशोब केला की जरा मोठा, पाच लिटरचा कुकर असला तर दोनदाच लावावा लागेल. म्हणून उल्हासनगरला कॅम्पात भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला स्टुलावर बसवलं, सरबत मागवलं.

“साईं, घर में कितने लोग?”

“पाच.”

“आज पाँच. मेहमान आया तो? बच्चे की शादी हुआ तो? कुकर आदमी एक बार लेता है साईं. जाते वक्त बेटे को देके जाता है.”

तो जाण्याबद्दल इतक्या प्रेमाने बोलला की मी बावीस लिटरचा कुकर घेऊन आलो. रिक्षावाल्याने त्याच्यासाठी वेगळी सीट मागितली. घरी तो ओट्यावर ठेवला तर वरच्या कपाटाचं दार उघडेना. त्याची शिट्टी झाली तेव्हा खालच्या मजल्यावरचं तान्हं पोर उठलं आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळ कागद लागला: ‘सदनिका क्र. ४०३ मधून येणाऱ्या शिट्ट्यांबाबत’. सही, सेक्रेटरी. खाली प्रत माहितीसाठी: सदनिका क्र. ४०३.

शनिवारी जिज्ञासा आणि उमा आल्या. रविवार, सोमवार तक्त्याप्रमाणे गेले. मंगळवारी मी हिरव्या पेनने लिहिलं होतं: ‘वालाचं बिरडं’. जिज्ञासाला फार आवडतं. चांगुणा करायची. सकाळी अकराला मी वालाचा डबा काढला, वाटीभर वाल धुतले आणि जिज्ञासाला विचारलं, “हे किती शिट्ट्या?”

ती लॅपटॉपसमोर होती. कानातलं काढून म्हणाली, “बाबा, ते भिजवलेत कधी?”

“आत्ता धुतलेत.”

“बाबा, वाल एक दिवस भिजवायचे. मग फडक्यात बांधायचे. मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. मंगळवारचं बिरडं रविवारी सुरू होतं.”

चौतीस वर्षं मी बिरडं खाल्लं. ते दोन दिवस आधी सुरू होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे माझ्या तक्त्यात जेवायचे दिवस होते, भिजवायचे नव्हतेच. मंगळवारी आम्ही अंडी खाल्ली. बिरडं गुरुवारवर गेलं, गुरुवारचा दुधी शुक्रवारवर, आणि शुक्रवारची भेंडी फ्रिजमध्ये तोवर म्हातारी झाली. पर्यायी व्यवस्थेचा रकाना नव्हता. शरदचंद्र जाता-येता तक्त्याकडे बघायचे.

बुधवार मात्र मी निर्धास्त होतो. बुधवारी तक्त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘बाहेर’. पालेगावातच आमच्यातल्याच बाळाजीच्या मुलाचा साखरपुडा होता. बाळाजीचं घर अजून जुनंच आहे, अंगण आहे, जेवण घरीच. पत्रिकेत छापलं होतं, ‘सहकुटुंब सहपरिवार’. म्हणजे पाच माणसांचं एका वेळचं जेवण सुटलं. रिद्धीने त्यासाठी सुट्टी टाकली. अल्पेश नाइट करून आला होता, त्याला उठवलं. उमाला सकाळी दूधसुद्धा दिलं नाही, म्हटलं भूक राहू दे.

अंगणात पंगत चाळीसेक माणसांची. आम्ही पाच जण जाऊन बसलो. बाळाजी हसतमुखाने पुढे आला, “या या हरीदादा, बसा.” आणि आम्ही बसलो तसे त्याचे चार भाऊबंद गुपचूप पानांवरून उठले आणि ओटीवर जाऊन उभे राहिले. मी इकडेतिकडे पाहिलं. प्रत्येक घरातला एकेकच माणूस आला होता.

समोरच्या रांगेत पुतळाबाई होत्या. पुतळाबाई आमच्या आळीतल्या सगळ्यांत मोठ्या. वय विचारलं तर पंच्याहत्तर सांगतात आणि दहा वर्षांपूर्वीही पंच्याहत्तरच सांगायच्या. त्या पंगतीत ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, “हरिचंद्रा, अक्षता हातान् दिलेल्या ना रं तुला?”

“हो.” बाळाजीने दारात उभं राहून माझ्या तळहातावर अक्षता ठेवल्या होत्या.

“मंग झालं,” त्या म्हणाल्या आणि भात कालवायला लागल्या.

काय झालं ते मला हळूहळू कळलं. आमच्या आळीत हातात अक्षता दिल्या म्हणजे घरातला एक माणूस. पत्रिकेत काहीही छापलेलं असो. हे सगळं चांगुणा बघायची. ती सांगायची, आज तुम्ही एकटे जा, की मी जायचो. आज सगळे, की सगळे. मी कधी कारण विचारलं नाही. जिज्ञासा रिक्षातून उतरल्यावर म्हणाली, “बाबा, सोमवारी जाते मी. आणि पुढच्या वेळी आपण हॉटेलातून मागवू. खरंच.”

मला तो शब्द लागला. हॉटेल.

त्या संध्याकाळी मी ठरवलं. जिज्ञासा परत जायच्या आदल्या दिवशी चांगुणा आळीतल्या बायकांना जेवायला बोलवायची. ते जेवण मी घालणार. रविवारी. नऊ घरं, नऊ बायका. आम्ही पाच आणि जावईबापू सुजित धरून पंधरा. आणि आमंत्रण रीतसर, अक्षता देऊन. हरिचंद्राला रीत माहीत नाही असं पुन्हा कोणी म्हणायला नको.

गुरुवारी गॅसचा प्रश्न आला. मोठ्या कुकरने गॅस जास्त खाल्ला होता, सिलिंडर हलका लागत होता. बुकिंग केलं तर झालं नाही, म्हणून एजन्सीत गेलो. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

“काका, केवायसी पेंडिंग आहे. कनेक्शन चांगुणा हरिचंद्र यांच्या नावाने आहे. मॅडमना घेऊन या, अंगठा लागेल.”

“त्या नाहीत.”

“मग केव्हा येतील?”

मागे रांग होती. मी म्हणालो, “त्या वारल्या.”

ती मुलगी शेजारच्या साहेबांना विचारून आली. “सॉरी काका. मग नाव ट्रान्सफर करा. मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतिपत्र, तुमचं आधार, फोटो, आणि जुनं पुस्तक.” तिने एक फॉर्म दिला. “पण मेसेज तर या नंबरला डिलिव्हर होतायत. फोन चालू आहे?”

“आहे.”

चांगुणाचा फोन स्वयंपाकघरातल्या खणात असतो, काडेपेटीच्या बाजूला. गॅसचा ओटीपी त्याच्यावर येतो म्हणून मी दर महिन्याला त्याचं रिचार्ज करतो. घरी सगळ्यांना मी हेच कारण सांगितलंय आणि कोणी जास्त विचारत नाही. साहेब म्हणाले, “या वेळचा सिलिंडर देतो, शनिवारी येईल. पुढचा नाव बदलल्याशिवाय नाही.” मी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला.

शुक्रवारी पहाटे वाल भिजत घातले. दोन किलो. आणि अकराला चांगुणाची पितळी वाटी काढली, तांदळाला कुंकू लावलं आणि निघालो.

पहिलं घर विठाचं, पहिल्या मजल्यावर. मे महिना, आळीत घरोघरी वर्षाच्या मसाल्याचं काम काढलेलं. विठा किचनमध्ये भाजलेल्या मिरच्या आणि हळकुंडांमध्ये बसली होती, कोपरापर्यंत लाल.

“हरीदादा? तुमी?”

“रविवारी दुपारी जेवायला यायचं. जिज्ञासा सोमवारी निघते. हे घे,” मी अक्षता पुढे केल्या.

“अगो बाई, हात बघा माजे! कशा घेऊ? ठेवा ना तिथंच वर.”

वर म्हणजे ओट्यावर. ओट्यावर मिरच्या, धणे, खसखस, पंखा लावलेला. अक्षता उडून मसाल्यात गेल्या तर अपशकुन. स्वच्छ आणि रिकामी जागा एकच होती, ती म्हणजे गॅसची शेगडी. मी शेगडीच्या मधोमध चिमूटभर अक्षता ठेवल्या. विठा बघत राहिली. तिचे डोळे एकदम भरून आले. मला वाटलं, मिरची.

“येतंव,” ती म्हणाली. “नक्की येतंव दादा.”

कारखान्यात एक गोष्ट शिकलो. एका ठिकाणी पद्धत बसली की सगळीकडे तीच वापरायची. पुढची घरंही तशीच, कोणाचे हात पिठात, कोणाचे सुक्या बोंबलात. मी तर विचारायचंच सोडलं. सरळ आत जायचो, शेगडीवर अक्षता ठेवायचो, “रविवारी दुपारी” म्हणायचो आणि बाहेर. भागीरथी वहिनींचे हात मोकळे होते तरी मी शेगडीवरच ठेवल्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, नक्की ना?” मी म्हणालो, “एकदा ठेवल्या म्हणजे ठेवल्या.” त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. पुतळाबाईंनी शेगडीवरच्या तांदळांकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. नऊ घरं पंचेचाळीस मिनिटांत. मी स्वतःवर खूश होतो.

शनिवारी सिलिंडर आला नाही. फोन केला तर म्हणाले, गाडी निघालीय. ती गाडी अंबरनाथ सोडून कुठे निघाली होती ते कळलं नाही.

रविवारी बिरडं बावीस लिटरच्या कुकरमध्ये. दोन तास आम्ही पाचही जण वाल सोलत होतो, उमासुद्धा. एकाच वेळी, एकाच ताटाभोवती. तक्त्यात असं कुठेच नव्हतं. भात, बिरडं, सुक्या जवळ्याची चटणी, आमरस. भाकऱ्या रिद्धीने चाळीस सांगितल्या होत्या, पोळीभाजी केंद्रातून. साडेबाराला माझ्या पोटातला भोंगा झाला आणि बेलही वाजली.

दारात विठा. तिच्या मागे तिचा नवरा. त्याच्या मागे दोन मुली, सासू, सासऱ्यांची व्हीलचेअर. मी म्हटलं, विठाला सोडायला आले असतील. पण व्हीलचेअर सरळ आत आली. मग भागीरथी वहिनी, त्यांची दोन्ही मुलं, सुना, नातवंडं. मग वरच्या मजल्यावरचे. लिफ्ट वर-खाली करत होती आणि प्रत्येक वेळी नवीन कपड्यांतलं एक आख्खं घर बाहेर काढत होती. आणि गंमत अशी, की येणारं प्रत्येक घर आधी आलेल्यांना बघून चमकत होतं.

“तुमी पन?” विठा भागीरथी वहिनींना म्हणाली.

“म्हंजे काय! आमच्या शेगडीवर ठेवल्या त्यांनी.”

“आमच्या पन शेगडीवर!”

“आमच्यापन!”

जिज्ञासा माझ्याजवळ आली. आवाज अगदी खाली. “बाबा. तुम्ही अक्षता शेगडीवर ठेवल्यात?”

“त्यांचे हात भरलेले होते.”

“बाबा, शेगडीवर म्हणजे चुलीवर. म्हणजे चूलबंद. आख्ख्या घराला आमंत्रण, त्या दिवशी त्यांनी चूल पेटवायचीच नाही. आई वर्षातून एखाद-दुसऱ्याच घराला द्यायची!”

प्रत्येक घराला वाटलं होतं, हा मान फक्त आपल्याला आहे. म्हणून नऊच्या नऊ घरं बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून दोन दिवस गप्प बसली होती. उमाने मोजलं. त्रेपन्न. आणि एकाही घरात सकाळपासून चहासुद्धा झालेला नव्हता.

मी स्वयंपाकघरात गेलो. भात पंधरा जणांचा होता. मी ठरवलं, दुसरा भात लावू. बावीस लिटरचा कुकर आता कामाला येईल. बिरडं पातेल्यात काढून तो तांदळाने भरला, शेगडी पेटवली. ज्योत निळी झाली, पिवळी झाली, आणि गेली.

मी तिथेच ओट्याला टेकून उभा राहिलो. बाहेर त्रेपन्न उपाशी माणसं, सुजित नुकताच बदलापूरहून आलेला, बॅग दाराशी भरून ठेवलेली. मला चांगुणाचा राग आला. पहिल्यांदाच. एवढ्या गोष्टी सांगितल्या, ही एक सांगायची राहिली?

“सरक,” मागून पुतळाबाई म्हणाल्या. “गॅस गेला?”

“गेला. शनिवारी येणार होता.”

पुतळाबाई बाहेर वळल्या. “विठे! तुजा सिलिंडर आन.”

“आजी, आमची चूल बंद हाय ना आज,” विठा म्हणाली.

“चूल बंद हाय. सिलिंडर बंद हाय का? आन.”

पुढच्या दहा मिनिटांत तीन सिलिंडर आणि दोन शेगड्या लिफ्टने आल्या. लिफ्टसमोर शरदचंद्र उभे राहिले. “लिफ्टमधून सिलिंडर नेण्यास मनाई आहे. वार्षिक सभेचा ठराव आहे! लेखी परवानगी...”

“शरदभाऊ,” भागीरथी वहिनी म्हणाल्या, “तुमी जेवलाव?”

“मी... माझी मिसेस गावाला गेलीय.”

“म्हंजे तुमची चूल पन बंदच. धरा हे टोक.”

सेक्रेटरींनी सिलिंडरचं टोक धरलं. ते चोपन्नावे.

मग बायकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ज्यांच्या घरात चूल पेटवायची नव्हती त्यांच्या फ्रिजमधून सगळं आमच्याकडे आलं: कैऱ्या, सुके बोंबील, बटाटे, कोणाचं भिजवलेलं पीठ, कोणाची कालची कोळंबी. कुकरची शिट्टी झाली तेव्हा पुतळाबाईंनी कानावर हात ठेवले आणि म्हणाल्या, “हां, हा खरा कुकर!” पंगत आमच्या हॉलपासून पॅसेजमधून जिन्यापर्यंत गेली. शरदचंद्र तिसऱ्या पायरीवर बसून जेवले. बिरडं प्रत्येकाला दोन चमचे आलं. मला आलं नाही, पण सगळे म्हणाले छान झालं होतं.

जेवणं आटोपल्यावर पुतळाबाई आमच्या किचनमध्ये गेल्या. पितळी वाटीतल्या चिमूटभर अक्षता घेऊन त्यांनी माझ्या शेगडीवर ठेवल्या. “मंगलवारी, आमच्याकडं. चूलबंद.” मग भागीरथी वहिनी. “बुधवारी.” मग विठा. एकामागून एक नऊ. शेगडीवर तांदळाचा ढीग झाला.

“हे काय?” मी विचारलं.

“चूलबंद घेतली की मृगाच्या आत परत द्याची,” पुतळाबाई म्हणाल्या. “नाय दिली तर चूल रुसते. आनि आख्खं घर येवाला पाह्यजे. एक मानूस कमी नाय चालत.” त्यांनी जिज्ञासाच्या बॅगेकडे पाहिलं. “ती धरून.”

जिज्ञासाने सुजितकडे पाहिलं. सुजितने आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. जिज्ञासाची सासू बदलापूर गावची, जुन्या वळणाची. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, “किती चुली?”

“नऊ, आई.”

“मंग मी कोन ये म्हननारी? ऱ्हाऊ दे तिला.”

सगळे गेल्यावर मी पुतळाबाईंना सोडायला लिफ्टपर्यंत गेलो. म्हणालो, “आजी, माझी चूकच झाली.”

त्या हसल्या. “तुझी बायको दर साली असंच करायची. पोरगी आली की पयल्या आठवड्यात दोन-तीन घरांत चुपचाप चूलबंद ठेवायची. एकदा रांधायची आनि मंग मैनाभर पोरीला घेऊन जेवाला फिरायची. हुशार होती. तू एकदम नऊ ठेवल्यास. तेवरी हुशार ती पन नव्हती.”

दहा वर्षं दर मे महिन्यात आम्ही इतके बाहेर कसे जेवतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी तिला म्हणायचो, “बघ, लोकांचं आपल्यावर किती प्रेम आहे.” ती म्हणायची, “हो ना.” आणि तोंड फिरवून भांडी लावायला लागायची. ती तेव्हा हसत असणार, हे मला परवा लिफ्टसमोर उभं असताना कळलं.

घरी आलो तर जिज्ञासा बॅग उघडून कपडे परत कपाटात लावत होती. म्हणाली, “बाबा, खरं सांगा. चुकून ठेवल्यात ना?”

“नियोजन होतं,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. “हो ना,” ती म्हणाली, आणि तोंड फिरवून कपाट लावायला लागली.

मग मी नवीन कागद आखला आणि नऊ चौकोनांत ‘बंद’ लिहिलं. शरदचंद्र येऊन वाचून गेले. या वेळी त्यांना एकही त्रुटी सापडली नाही. फक्त त्यांचं नाव तक्त्यात कुठे आहे, असं विचारलं. मी खाली एक ओळ वाढवली: ‘सोबत शरदचंद्र’.

सोमवारी सकाळी सिलिंडर आला. चांगुणाचा फोन खणात वाजला, ओटीपी आला, मी तो वाचून दाखवला. डिलिव्हरीवाल्याने पावती दिली. पावतीवर तिचंच नाव. तो म्हणाला, “काका, पुढच्या वेळी नाव बदललेलं लागेल.” मी म्हणालो, हो. फॉर्म भरलेला आहे, दाखले जोडलेले आहेत, फक्त नेऊन द्यायचा आहे. पण सध्या नऊ दिवस गॅस लागणार नाही, त्यामुळे तशी घाई नाही.